खिशावरची दोन अक्षरं

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कारखान्यात काय काम करत होतात असं कोणी विचारलं की मी हजेरीचं सांगतो, बसच्या वेळांचं सांगतो, गेटवर एकदा गाय शिरली होती तेही सांगतो. कपड्यांचं सांगत नाही. सांगावंच लागलं, तर तेव्हा जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगतो, की दौंडच्या टेलरची चूक झाली. आज सकाळपासून चार वेळा लिहायला बसलो आणि चार वेळा उठलो. एकदा पाण्याची मोटर बंद करायला, एकदा कोण आलं ते बघायला, दोनदा नुसताच. बायको म्हणाली, "बूड टेकत न्हाई का आज तुमचं?" टेकत नाही. म्हणून आता खोलीला आतून कडी लावून बसलो आहे.

शिरूरजवळच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला होतो. मटार आणि मक्याचे दाणे गोठवून पिशव्यांत भरायचा कारखाना. हजेरी, रजा, बस आणि गणवेश एवढं माझ्याकडे होतं. आठवडाभर शिरूरला खोलीवर राहायचो आणि सुट्टीला न्हावऱ्यावरून वरवंडला घरी यायचो. दाणे निवडायच्या आणि पिशव्या भरायच्या लाइनवर साठ-सत्तर बायका होत्या. त्या मला आप्पा म्हणायच्या.

खाण्याची वस्तू असल्यामुळे कपड्यांचे नियम कडक होते. चेंजिंग रूमच्या दारावर मी स्वतः रंगवून घेतलेला बोर्ड होता. टिकली नाही, बांगड्या नाहीत, मंगळसूत्र नाही, जोडवी नाहीत, साडीची पिनसुद्धा नाही. मेंदी लावून आलेली बाई रंग उतरेपर्यंत लाइनवर नाही. केसांवर जाळी, अंगावर निळा शर्ट आणि पँट, पायात गमबूट. मटारच्या पिशवीत एकदा टिकली सापडली होती, आणि तो सगळा माल परत आला होता. त्यानंतर नियम आणखी घट्ट झाला.

सुरुवातीला बायकांनी माझं डोकं खाल्लं. "आप्पा, नवरा धडधाकट असताना हात मोकळे करायला लावता. पाप कुनाला लागंल?" मी म्हणायचो, "कंपनीला." "कंपनीला कुठं कपाळ हाय?" दुसरी म्हणायची, आणि सगळ्या हसायच्या. पुढे सवय झाली. मंगळसूत्र रुमालात बांधून लॉकरमध्ये. टिकल्या आरशावर. साफसफाई बघायला मी त्या खोलीत जायचो तेव्हा आत कोणी नसायचं, फक्त आरशाच्या कडेनं लाल, मरून, काळ्या टिकल्यांची रांग असायची. प्रत्येकीची जागा ठरलेली. सुट्टी झाली की जिची तिने उचलायची आणि कपाळावर लावून बसकडे पळायचं.

एक बाई होती, तिची टिकली त्या रांगेत नसे.

ती केंदूरची. सासर तिकडचं. नवरा वारला होता, आणि दोन मुलं घेऊन ती शिरूरला भाड्याच्या खोलीत राहायला आली होती. केंदूरच्या बाजूच्या बायका कामाला शिक्रापूरकडे जातात, त्यामुळे आमच्या लाइनवर तिला ओळखणारं कोणी नव्हतं. भरती होताना फॉर्म माझ्याच टेबलावर भरला. लग्नाच्या रकान्यापाशी ती थांबली.

"आप्पा, ह्ये लिवावंच लागतंय का?"

"लागतं. फाइलीत राहतं."

"फाइलीत राहू द्या. भायेर नका काढू." मग खाली बघत म्हणाली, "सासरी चार वर्सं पांढरं कपाळ घिऊन बसले. ज्याला त्याला तेच दिसायचं. हितं बरंय. सगळ्यांचीच कपाळं मोकळी. कुनी बघत न्हाई."

मी म्हटलं, "नाही काढणार." इतकंच म्हटलं. पण ते मी दिलेलं वचन होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढची दोन वर्षं तिने तो नियम पांघरुणासारखा वापरला. बसमध्ये कोणी विचारलं, टिकली का गं नाही, तर म्हणायची, "आत गेल्याव काढायचीच, मग लावू कशाला?" हळूहळू आणखी दोघी-तिघी तशाच येऊ लागल्या. ती काम चांगलं करायची. तोंडावरच्या मास्कआडून हसली तरी डोळ्यांवरून कळायचं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी सुट्टी झाल्यावर बायका चेंजिंग रूममध्ये एकमेकींना हळदीकुंकू लावायच्या. तिलाही लावायच्या. ती कपाळ पुढे करायची आणि खोलीवर पोचायच्या आत पुसायची, हे मला नंतर कळलं.

आता मी इथे थांबून एक गोष्ट लिहितो, कारण ती लिहिली नाही तर बाकीचं सगळं नुसती चूक वाटेल.

एकदा कॅन्टीनमध्ये मी बायकांच्या टेबलापाशी चहा घेऊन उभा होतो. कोणीतरी तिला विचारलं, "तुझं मालक दिसत न्हाईत कवा न्यायला." ती भाकरी मोडत म्हणाली, "गाडीवर असत्यात. गुजरातला." आणि मग माझ्याकडे बघून, "व्हय ना आप्पा? आप्पांना म्हाईत हाय."

मी मान हलवली. चहा तसाच ठेवून ऑफिसात आलो. मला राग आला होता. हिचं गुपित मी ठेवलं ते ठेवलं, आणि हिने मला सगळ्यांसमोर खोट्याला साक्षीदार उभं केलं. आयुष्यभर मी खरं लिहिणारा माणूस. गावात कोणाचीही लग्नपत्रिका असो, मजकूर माझ्याकडून लिहून नेत. कोणाच्या नावापुढे काय लावायचं, कोण आधी, कोण नंतर, हे मला पाठ. माझ्या आईच्या नावापुढे मी स्वतः गं. भा. लिहिलं होतं, माझ्याच पत्रिकेत, आणि आईने त्यावरून बोट फिरवलं होतं. ते मानाचं आहे असं मी धरून चाललो होतो. आईने बोट का फिरवलं, हे मी तिला विचारलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात वरून निरोप आला. बाहेरचं गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार, नवे शर्ट शिवून घ्या, खिशावर प्रत्येकीचं नाव मराठीत शिवलेलं हवं. मोठ्या साहेबांनी एवढंच सांगितलं होतं. नाव. पुढे काही लावा असं कोणीच म्हटलं नव्हतं.

यादी मी केली. फाइली उघडल्या आणि पत्रिका लिहावी तशी लिहीत गेलो. सौ. अमुक, सौ. तमुक, कु. अमुक. तिच्या नावाशी आलो आणि पेन थांबलं. मला आठवत नव्हतं असं नाही. तिचं वाक्यच्या वाक्य आठवत होतं. खिडकीतून लाइनवरच्या निळ्या पाठी दिसत होत्या, त्यात तिची कुठली ते मला सांगता आलं असतं. नुसतं नाव लिहावं, असं मनात आलं. मग वाटलं, बाकी सगळ्यांना लावलं आणि हिलाच नाही, तर ते उलट दिसेल. ते कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. सगळ्यांचंच काढून टाकावं हेही सुचलं होतं. पंधरा मिनिटांचं काम होतं, नवीन कागद घ्यायचा. पण गुजरातची गाडी मनात होती. मी गं. भा. लिहिलं आणि पुढच्या नावाकडे गेलो.

शर्ट दौंडच्या एका टेलरकडे शिवायला जायचे. मुसलमान घर, आजोबांपासून दौंडला रेल्वेवाल्यांचे कपडे शिवत आलेलं. तो माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. यादी मिळाल्यावर त्याचा फोन आला.

"साहेब, नावापुढचं पण टाकायचं का? सौ. वगैरे?"

"टाका."

"एक गं. भा. पण आहे."

"हं."

"साहेब, कामाचा शर्ट आहे. छातीवर येणार ते. विचारून घेतो म्हणून फोन केला."

"लिहिलंय तसं टाका," मी म्हटलं. त्याने तीन वेळा मला संधी दिली होती. तीन वेळा.

शर्ट आले तेव्हा कॅन्टीनमध्ये वाटप ठेवलं. वातावरण सणासारखं होतं. "ओ सौभाग्यवती, सरका की जरा," एक दुसरीला ढकलत होती. "ह्या कुमारीला कवा उजवायचं, आप्पा?" म्हणत एकीने एका पोरीला पुढे ओढलं. मी नाव वाचून शर्ट देत होतो. तिचा शर्ट आला तेव्हा मी नाव वाचलं, पुढची अक्षरं वाचली नाहीत. घडी पालथी करून तिच्या हातात दिली. म्हणजे त्या क्षणीसुद्धा मला कळत होतं.

तिने घडी उलटली. तिच्या शेजारी उभी होती ती नुकतीच लागलेली पोरगी, तिने मोठ्यांदा विचारलं, "गं. भा. म्हंजी काय ओ?"

लाइनवरची सगळ्यात जुनी बाई हळूच म्हणाली, "गंगा भागीरथी. मालक नसल्याव लावत्यात." आणि तिच्याकडे बघून, "अगं, मग गुजरात?"

तिने शर्ट काखेत धरला आणि रांगेतून बाहेर गेली. जाताना माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. काहीतरी घोटाळा झालाय, आप्पा बघतील, असं बघितलं.

त्यानंतर मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आला तेव्हा हळदीकुंकवाचा करंडा तिच्यापाशी आला आणि पुढे गेला. "तुम्हाला न्हाई लावत ओ, चालत न्हाई." कालपर्यंत अगंतुगं करणारी बाई तिला अहोजाहो करत होती. दुसरी कुरकुरली, "दोन वर्सं लावून घेतलं की आमच्याकडनं. फसवलंच म्हणायचं." हे मला जुन्या बाईने सांगितलं, आणि वर म्हणाली, "आप्पा, ते काढून टाकता येतंय का बघा." मी म्हटलं, "बघतो."

मी बघितलं नाही. तिनेच बघितलं. घरी ब्लेडने ती दोन अक्षरं उसवली आणि तो शर्ट घालून आली. दोरा निघाला होता, पण निळ्या कापडावर सुईची भोकं तशीच होती. त्या भोकांवरून अक्षरं वाचता येत होती, आधीपेक्षा जास्तच. एक टोक लोंबत राहिलं होतं. लाइनवर सुटा दोरा म्हणजे गुन्हाच. तपासणीवाल्याने तिला बाहेर काढलं आणि माझ्याकडे पाठवलं. गणवेशात बदल केल्याबद्दल मेमो द्यायचा नियम होता. मी मेमो लिहिला. तिच्यासमोर.

"आप्पा, मी तुम्हाला सांगितलं व्हतं."

"हो."

"मग कुनी लिवलं ह्ये?"

टेबलावर यादीची माझी प्रत पालथी पडली होती. माझं अक्षर कारखान्यात सगळे ओळखत. मी त्या कागदावर हाताचा तळवा ठेवला आणि म्हणालो, "दौंडच्या टेलरनं केलं. आमच्या लग्नपत्रिकांसारखं लिहायचं वाटलं असेल त्याला. मी नुसती नावं दिली होती."

तिने मान हलवली. तिला ते लगेच पटलं. मेमोवर सही केली, आणि म्हणाली, "तरीच. म्या म्हन्लं, आप्पा असं करनार न्हाईत."

तीनेक दिवस आली. मग यायची थांबली.

जुन्या बाईने साहेबांकडे विषय काढला, तेव्हा साहेबांनी मला बोलावलं. मी तेच सांगितलं. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला सोपं जातं. टेलरचं काम काढून दुसऱ्याला दिलं. त्याचा मला फोन आला नाही. मी वाट बघत होतो, की तो भांडेल, यादी घेऊन गेटवर येईल. तो आला नाही. माझं हजेरी, रजा, बस चालू राहिलं. पुढच्या वेळी शर्टांवर नुसती नावं आली, आणि साहेब म्हणाले, हे बरं दिसतं.

निवृत्त होऊन वरवंडला आलो. इथे करायला काही नसतं, आणि नसतं तेव्हा तेच आठवतं. लग्नाच्या पत्रिका आता फोनवर येतात, तरी कोणीतरी मजकूर तपासायला आणतंच. मी म्हणतो, चष्मा सापडत नाही. तो खिशात असतो.

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस स्कूटर काढली आणि दौंडला गेलो. टेलरचं दुकान तिथंच होतं. मुलगा मशीनवर, तो काउंटरमागे, दाढी पांढरी. मला बघून उठला. "या साहेब," म्हणाला आणि स्टूल पुसलं. त्याने स्टूल पुसलं म्हणून मला आणखी जड गेलं.

मी म्हटलं, "तुमच्यावर ढकललं मी."

"माहीत आहे," तो म्हणाला. मागे तारेत ओवलेले जुने ऑर्डरीचे कागद होते. त्याने फार न शोधता एक काढला. माझी यादी. माझं अक्षर.

"हा दाखवायचा होता की साहेबांना," मी म्हटलं.

"काय करून? कागद फिरला असता, परत त्या ताईचंच नाव फिरलं असतं." मग म्हणाला, "ती आली होती इथं. पोराला घेऊन. म्हणाली, का केलं असं?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, चुकलं माझं ताई. आता काय म्हणणार? ती म्हणत होती, आप्पांवर माझा भरवसा आहे, त्यांनी नाही लिहिलं. मी मनात म्हटलं, तेवढं तरी राहू दे तिच्याकडं."

मशीन चालत होतं. मला उठावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. त्याने सांगितलं, की नंतर तिने त्याच्याकडेच काही महिने काजं-बटणं करायला घेतली. आता केडगाव-चौफुल्याच्या बाजूला हायवेवर पेट्रोल पंपावर असते. "त्या पंपाचे शर्ट मीच शिवतो. नुसतं नाव टाकतो." यादीचा कागद त्याने माझ्यासमोर सरकवला. "माझं सोडा. हा तिला दाखवा."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

वरवंडपासून तो पंप लांब नाही. तरी जायला मला पंधरा दिवस लागले. कागद खिशात घालून निघायचो आणि वाटेत कोणी भेटलं की बरं वाटायचं. शेवटी एका दुपारी पोचलो. रांगेत चार गाड्या. ती दिसली. खाकी शर्ट, पँट, खिशावर नुसतं नाव. कपाळावर छोटी काळी टिकली होती. मी हेल्मेट काढायच्या आधीच तिने ओळखलं.

"आगं बया! आप्पा!" आणि पलीकडच्या पाइपवरच्या पोरीला ओरडून म्हणाली, "ए, ह्ये आमचं आप्पा. कंपनीत तेवढाच एक मानूस नीट व्हता बघ."

पोरीने लांबून नमस्कार केला. माझा हात खिशाकडे गेला. कागदाची घडी बोटांना लागली.

"किती टाकू?"

"फुल्ल करा," मी म्हटलं. फुल्ल म्हटलं, म्हणजे जरा वेळ मिळेल.

"झिरो बघा, आप्पा."

हे ती प्रत्येकालाच म्हणत असणार. त्यांना तसं शिकवलेलं असतं. मी मशीनकडे बघितलं. सगळे आकडे पुसून शून्य झाले होते. मग ते पळायला लागले. ती पोरांचं सांगत होती, थोरला दौंडला कॉलेजला जातो, धाकटीला गणित आवडतं. मी हं हं म्हणत होतो. टाकीत पेट्रोल चढत होतं, आणि मी ठरवत होतो, आता, आता. पाइप निघाला. मागच्याने हॉर्न दिला. "ओ दादा, दम खा की, म्हातारं मानूस हाय," ती त्याच्यावर खेकसली. आणि मला म्हणाली, "सावकाश जा. येत जा, आप्पा."

मी पुढे आलो. पंपाच्या टोकाला हवा भरायची जागा आहे, तिथे गाडी लावून बराच वेळ उभा राहिलो. चाकांत हवा होती.

परत जायला कारण हवं म्हणून आता टाकी रिकामी करायला मी फिरत असतो. पाटसला जातो, केडगाव स्टेशनला जाऊन गाड्या बघतो, उगाच न्हावऱ्यापर्यंत जाऊन येतो. बायको म्हणते, या वयात कुठं हुंदडता? आतापर्यंत पाच वेळा पंपावर गेलो. पाचही वेळा ती म्हणाली झिरो बघा, मी झिरो बघितला, आणि टाकी भरून परत आलो. म्हणायचं थोडकंच आहे. गाडी चालवताना म्हणतो, मोटर बंद करताना म्हणतो, ते पाठ झालं आहे, आणि तिच्यासमोर अजून एकदाही तोंडातून निघालेलं नाही:

ताई, टेलरची चूक नव्हती. तुम्ही सांगितलेलं मला आठवत होतं, आणि तरी ते मीच लिहिलं. मला माफ करा.